उरलेल्या नाण्यांचा भाव

१९३३ साली ब्रिटनच्या टाकसाळीला नव्या पेन्या पाडण्याची गरजच नव्हती. मंदीचा काळ होता, आधीच्या वर्षांच्या पेन्या ढिगांनी पडून होत्या. तरीही त्या वर्षी मोजक्या पेन्या पडल्या. मोठ्या इमारतीची कोनशिला बसवताना तिच्याखाली चालू वर्षाच्या नाण्यांचा संच ठेवायची तिकडे पद्धत होती, त्यासाठी त्या लागणार होत्या. एक लंडन विद्यापीठाच्या सिनेट हाउसखाली गेली. दोन संच लीड्स शहरातल्या दोन चर्चखाली गेले. १९७० मध्ये चोरांनी मिडलटनच्या सेंट क्रॉस चर्चची कोनशिला फोडून खालचा संच पळवला. दुसरा संच हॉक्सवर्थ वुडच्या सेंट मेरी चर्चखाली होता. तोही जाईल या धास्तीने बिशपांनी तो स्वतःच बाहेर काढवला आणि विकून टाकला.

काशाची एक पेनी. पौंडाचा दोनशेचाळिसावा भाग, धातूच्या हिशेबात कवडीमोल. पण जगात ती सात-आठच असल्याने आज तिच्यासाठी दहा-दहा हजारांच्या पटीत पौंड मोजावे लागतात.

आता दुसरे नाणे पाहा. एडवर्ड पहिला याने १२७९ मध्ये नवे चलन काढले. त्याची चांदीची पेनी दीड ग्रॅमलाही कमीच भरते. एका बाजूला समोर बघणारा मुकुटधारी चेहरा, दुसऱ्या बाजूला कडेपर्यंत पोचलेला लांब क्रूस, त्याच्या चारही कोपऱ्यांत तीन-तीन ठिपके आणि भोवती टाकसाळीच्या गावाचे नाव: लंडन, कँटरबरी, डरहॅम. हे नाणे साडेसातशे वर्षांच्या घरात आले आहे. ते ज्या हातांतून गेले त्या माणसांच्या पुढच्या पिढ्यांनी प्लेगची साथ पाहिली. तरी अक्षरे वाचता येतील असा नमुना ब्रिटनमध्ये पन्नास-साठ पौंडांत मिळतो. कारण ही नाणी अफाट संख्येने पडली आणि लोकांनी ती अफाट संख्येने पुरूनही ठेवली. १८३१ मध्ये स्टॅफर्डशरमधल्या टटबरी इथे डव्ह नदीच्या पात्रात काम चालू असताना याच काळातल्या पेन्यांचा लाखांत मोजावा असा साठा लागला. ब्रिटनमध्ये सापडलेला नाण्यांचा तो सर्वांत मोठा ठेवा. १३२२ मध्ये लँकेस्टरचा अर्ल थॉमस राजाच्या सैन्यापुढून पळाला, तेव्हा त्याचा खजिना तिथे बुडाला असावा असे मानतात.

‘आमच्याकडे व्हिक्टोरिया राणीची पेनी आहे, शंभर-सव्वाशे वर्षांची, किती येतील?’ हा प्रश्न जुन्या नाण्यांच्या कोणत्याही दुकानात रोज विचारला जातो. उत्तर बहुधा निराशेचे असते, कारण प्रश्नात वय आहे आणि बाजार वयाला पैसे देत नाही. तो वेगळ्याच दोन गोष्टी विचारतो. असे नाणे आज किती उरले आहे? आणि जे उरले ते कशा अवस्थेत? नाणी गोळा करणे, त्यांची किंमत ठरवणे, लिलावात हात वर करणे, सगळे या दोन प्रश्नांवर उभे आहे. ‘किती पाडली’ हा आकडा पुस्तकात सहज मिळतो, पण त्याने फसगत होते. किती वितळली, किती कातरली गेली, किती झिजली हे समजले तरच भाव समजतो. मला हा विषय आवडतो तो याचसाठी. नाण्याच्या किमतीमागे त्या देशाने आपला पैसा कसा नासवला आणि कसा सावरला याची हकीकत असते.

इंग्रजी नाण्यांवरची पहिली मोठी आपत्ती कात्रीची. १६६२ पूर्वीची बहुतेक नाणी हातोड्याने ठोकून पाडलेली आहेत. चांदीची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा धरून घाव घालायचा. अशा नाण्याची कड कधी नेमकी गोल येत नाही, त्यामुळे कडेची चांदी कातरून घेतली तरी चटकन कळत नाही. देहान्ताची शिक्षा असूनही हा धंदा शतकानुशतके चालला. सतराव्या शतकाच्या शेवटी तर चलनातल्या जुन्या चांदीच्या नाण्यांचे वजन मूळच्या निम्म्याच्या आसपास आले होते. अखेर १६९६ मध्ये सरकारने ती सगळी गोळा करून वितळवली आणि यंत्रावर नवी पाडली. या उलाढालीचा खर्च भरून काढण्यासाठी घरांच्या खिडक्यांवर कर बसवला. त्याच वर्षी आयझॅक न्यूटन टाकसाळीत वॉर्डन म्हणून दाखल झाला आणि तो खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या हात धुऊन मागे लागला. त्यांतला सर्वांत नामी बनावटकार विल्यम चॅलोनर १६९९ मध्ये फासावर गेला. लंडनच्या टाकसाळीला एकटीला काम झेपेना, म्हणून ब्रिस्टल, चेस्टर, एक्झिटर, नॉर्विच आणि यॉर्क इथे तात्पुरत्या टाकसाळी उघडल्या. विल्यम तिसऱ्याच्या १६९६-९७च्या शिलिंगवर राजाच्या चेहऱ्याखाली त्या गावाचे आद्याक्षर असते. नवशिक्या संग्राहकाने सुरुवात करावी तर या शिलिंगपासून, असे माझे मत आहे. एकाच नाण्यात न्यूटन, कात्री आणि खिडक्यांवरचा कर असे सगळे हाती येते आणि झिजलेला नमुना परवडतोही.

पुढच्या आपत्ती थोडक्यात सांगतो. १८१६-१७ मध्ये चांदीचे चलन पुन्हा एकदा नव्याने पाडले आणि जुने मागे घेऊन वितळवले. १९२० पर्यंत शिलिंग, फ्लोरिन, हाफ क्राउन यांत ९२.५ टक्के चांदी असे. महायुद्धानंतर चांदी इतकी महागली की नाण्यातला धातू नाण्याच्या दर्शनी किमतीला भारी पडू लागला, म्हणून प्रमाण ५० टक्क्यांवर आणले. १९४७ पासून चांदी पार गेली आणि तांबे-निकेल आले, कारण युद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती. १५ फेब्रुवारी १९७१ला बारा पेन्यांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हा हिशेबच संपला. म्हणूनच ब्रिटिश चांदीचे नाणे हातात आले की आधी साल बघतात, १९२० आधीचे की नंतरचे, १९४७ आधीचे की नंतरचे. फार झिजलेल्या नाण्याचा भाव हा शेवटी त्यातल्या चांदीचाच भाव.

पाडलेल्या आणि उरलेल्या संख्येत किती अंतर पडू शकते, हे १९१७ च्या सॉव्हरिनवरून कळते. सॉव्हरिन म्हणजे एक पौंडाचे सोन्याचे नाणे, आपल्याकडे सराफ ज्याला गिनी म्हणतात ते. वजन ७.९८ ग्रॅम, २२ कॅरट, व्यास २२.०५ मिलिमीटर. १८१७ पासून हे माप बदललेले नाही. १९१७ मध्ये एकट्या लंडनने दहा लाखांहून जास्त सॉव्हरिन पाडले. आकडा बघून कोणीही म्हणेल, हे काय दुर्मीळ? पण महायुद्धाच्या देण्याघेण्यात बहुतेक सोने समुद्रापार गेले आणि तिथे वितळले. आज लंडनचे १९१७ चे सॉव्हरिन मिळाले तर त्यातल्या सोन्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. त्याच वर्षीचे सिडनी, मेलबर्न किंवा पर्थचे मात्र जवळजवळ सोन्याच्या भावात मिळते. दोन्ही बाजूंनी नाणी सारखीच दिसतात. फरक एका बारीक अक्षराचा. मागच्या बाजूला, घोड्याच्या खुरांखाली जमिनीची रेघ आहे, तिच्यावर सालाच्या माथ्याशी टाकसाळीचे चिन्ह असते. सिडनीचे एस, मेलबर्नचे एम, पर्थचे पी. लंडनचे काहीच नाही. बनावटकाराला एवढे पुरते. तो पर्थच्या नाण्यावरचे अक्षर खरवडून लंडनचे नाणे तयार करतो. म्हणून १९१७ चे सॉव्हरिन भिंगाखाली धरून ती रेघ आधी तपासतात. खरवडलेल्या जागी धातूचा पोत बदललेला असतो.

याच रेघेवर आय हे अक्षर दिसले तर ते नाणे मुंबईचे. युद्धामुळे सोन्याची ने-आण धोक्याची झाली होती, म्हणून मुंबईच्या टाकसाळीतच ब्रिटिश टाकसाळीची एक शाखा उघडली आणि १९१८ या एकाच सालाचे सॉव्हरिन तिथे पडले, सुमारे १३ लाख. ठसे येईपर्यंत तेवढ्याच वजनाची आणि कसाची १५ रुपयांची मोहर पाडून घेतली. वर्षभराच्या आत शाखा बंद झाली. सॉव्हरिन गोळा करणाऱ्या इंग्रजाच्या मालिकेतही मुंबईच्या या नाण्याची जागा पक्की असते. आपल्याकडच्या घरांत सॉव्हरिन बरेच आहेत, पण दागिन्यात वापरलेल्या नाण्याला कडी जोडताना डाख दिलेला असतो. ती कडी पुढे काढली तरी कडेवर खूण राहते, आणि संग्राहकाच्या लेखी ते मग केवळ सोने उरते.

आता अवस्थेकडे वळू. जॉर्ज तिसऱ्याचा १८१९ चा क्राउन हे पाच शिलिंगांचे नाणे हातात घ्या. २८ ग्रॅमचे, तळहातावर वजन जाणवते. बेनेदेत्तो पिस्त्रुची या इटालियन कारागिराने ठसे कोरले आणि दोन्ही बाजूंना आपले आडनाव पूर्ण घातले. मागे घोड्यावरचा सेंट जॉर्ज अजगराला मारतो आहे, भोवती पट्टा, त्यावर गार्टर पदवीचे ब्रीद. नाणे दोन बोटांनी कडेला धरायचे, पृष्ठभागाला बोट लावायचे नाही. खाली मऊ कापड असावे, कारण हातातून सुटलेला क्राउन कडेवर पडला तर आयुष्यभराचा डाग घेऊन उठतो. दिव्याखाली हळूहळू तिरपे करत जा. पहिली नजर उंचवट्यांवर. राजाचे कानावरचे केस, डोक्यावरच्या लॉरेलची पाने, मागे सेंट जॉर्जचे शिरस्त्राण आणि मांडी, घोड्याची छाती. झीज तिथून सुरू होते. केसांच्या बटा सुट्या मोजता आल्या तर नाणे फारसे फिरलेले नाही. बटा एकमेकींत मिसळून सपाट पट्टा झाला असेल तर ते बाजारात बरीच वर्षे फिरले आहे.

दुसरी नजर मोकळ्या जागेवर, राजाच्या चेहऱ्यापुढच्या सपाट भागावर. टाकसाळीतून निघालेल्या नाण्यावर ठशाच्या दाबाने धातू बाहेरच्या अंगाला वाहिलेला असतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषांमुळे नाणे फिरवताना उजेडाचा पट्टा चेहऱ्याभोवती फिरतो. ही झळाळी एकदा गेली की कोणत्याही पॉलिशने परत येत नाही. नाणे कधी कापडाने घासलेले असेल, तर याच जागी एका दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक चिरा दिसतात. तिसरी नजर कडेवर. क्राउनच्या कडेला लॅटिन वाक्य आणि राजवटीचे वर्ष रोमन आकड्यांत असते. १८१९ च्या नाण्यावर ते एकोणसाठावे किंवा साठावे असते, कारण राजवटीचे वर्ष ऑक्टोबरात बदले. दोन्ही प्रकार वेगळे गोळा केले जातात. हे वाक्य कातरणाऱ्यांना रोखण्यासाठीच १६६२ पासून मोठ्या नाण्यांच्या कडेवर आले. टॉमस सायमन नावाच्या कोरणाऱ्याने १६६३ मध्ये चार्ल्स दुसऱ्याला केलेला अर्जच एका क्राउनच्या कडेवर दोन ओळींत कोरला: माझे काम परदेशी कारागिराच्या कामाशी ताडून पाहा. इंग्रजी नाण्यांत त्या क्राउनइतके देखणे दुसरे नाही, असे मी बेधडक म्हणेन.

अवस्थेच्या पायऱ्या ब्रिटनमध्ये शब्दांत सांगतात: फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड. नवख्याने एवढे ध्यानात ठेवावे की ‘फाइन’ म्हटलेले नाणे चांगलेच झिजलेले असते. त्याच क्राउनची ‘फाइन’ आणि ‘एक्स्ट्रीमली फाइन’ यांतली किंमत दहापट वेगळी असू शकते, आणि टाकसाळीची झळाळी टिकलेल्या नमुन्याची त्याहून पुढे. वर्णन करणारा तज्ज्ञ ‘जवळजवळ व्हेरी फाइन’ आणि ‘चांगले व्हेरी फाइन’ असे अर्ध्या पायरीचे भेदही करतो. त्या अर्ध्या पायरीत पैसा असतो. अमेरिकन पद्धत १ ते ७० अशा अंकांची. तिथल्या एनजीसी आणि पीसीजीएस या कंपन्या नाणे तपासून, गुण देऊन, बंद प्लॅस्टिकच्या डबीत घालतात. खोटे नाणे गळ्यात पडण्याची भीती त्याने कमी होते, परदेशी विक्रेत्याकडून महागडे घेताना तर डबी असलेली बरी. पण डबीतले नाणे तोलता येत नाही आणि त्याची कड नीट न्याहाळता येत नाही. ब्रिटिश नाण्याची कड दिसली नाही, तर त्याची निम्मी ओळख हरवली असे मला वाटते.

आणि कळकळीने सांगावेसे वाटते ते हे: जुने नाणे साफ करू नका. चिंच नको, लिंबू नको, राख नको, दंतमंजन नको, चांदीचे पॉलिश तर नकोच. दोनशे वर्षांत चांदीवर चढलेला करडा-निळसर थर हा नाण्याचे कवच आहे, संग्राहक त्यासाठी जास्त पैसे देतात. घरच्या माणसाने मायेने चकचकीत केलेले नाणे लिलावाच्या यादीत ‘घासलेले’ या एका शब्दाने निम्म्या भावावर येते, आणि गेलेला थर आणता येत नाही.

किंमत ठरवायची तर सुरुवात पुस्तकापासून. लंडनची स्पिंक ही पेढी इंग्लंडच्या नाण्यांची सूची दर वर्षी काढते. तिच्यात प्रत्येक प्रकाराला क्रमांक आहे आणि अवस्थेनुसार भाव आहेत. तो क्रमांक जगभरच्या लिलाव-याद्यांत वापरतात, म्हणून पुस्तक हाताशी हवेच. भाव मात्र दुकानदाराच्या मागणीचे समजावेत, तुम्हाला विकताना तेवढे मिळतील असे नाही. खरा भाव कळतो तो झालेल्या लिलावांतून. मोठ्या पेढ्यांचे मागचे निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर छायाचित्रांसह पाहायला मिळतात. आपल्याला हवे ते नाणे, त्याच अवस्थेतले, मागे चार-पाच वेळा कितीला गेले ते काढावे. एकाच निकालावर विसंबू नये. लिलावात नाण्याची किंमत जिंकणारा ठरवत नाही, त्याच्या खालोखालची बोली लावणारा ठरवतो. दोन हट्टी संग्राहक एका शनिवारी समोरासमोर आले तर भाव दुप्पट होतो, पुढच्या वेळी त्यांतला एकच हजर असतो.

मोठमोठे आकडे वाचून तर काहीच ठरवू नये. एडवर्ड आठव्याच्या सॉव्हरिनसाठी २०२० मध्ये दहा लाख पौंड मोजले गेले. नव्या राजाचा चेहरा मागच्या राजाच्या उलट दिशेला वळवायचा अशी इंग्रजी नाण्यांची परंपरा. एडवर्डला मात्र आपली डावी बाजूच हवी होती. नाण्यांचे नमुने तयार झाले आणि डिसेंबर १९३६ मध्ये त्याने गादी सोडली, नाणी चलनात आलीच नाहीत. त्या दहा लाखांचा आपल्या डब्यातल्या सॉव्हरिनशी काही संबंध नाही.

आता प्रत्यक्ष लिलाव. सप्टेंबर २०२१ मध्ये डेव्हनमधल्या हेमयॉक गावच्या एका शेतात धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या माणसाला सोन्याची पेनी सापडली. हेन्री तिसऱ्याने १२५७ मध्ये काढलेली, वीस चांदीच्या पेन्यांच्या मोलाची, वर सिंहासनावर बसलेला राजा. सोन्याचा भाव नाण्यापेक्षा चढला आणि लोकांनी ती वितळवली. आज जगात आठच्या आसपास माहीत आहेत. जानेवारी २०२२ मध्ये स्पिंकच्या लिलावात तिच्यावर ५,४०,००० पौंडांना हातोडा पडला. वर्तमानपत्रांत आकडा आला तो ६,४८,००० पौंड. मधला फरक खरेदीदाराच्या प्रीमियमचा, इथे २० टक्के. लिलाव करणारी पेढी विकणाऱ्याकडून दलाली घेते आणि घेणाऱ्याकडूनही घेते.

हा हिशेब लहान खरेदीला जास्त बोचतो. समजा एका हाफ क्राउनवर ५०० पौंडांना हातोडा पडला. २० टक्के प्रीमियम म्हणजे १००. त्या प्रीमियमवर ब्रिटनमधला २० टक्के व्हॅट म्हणजे २०. झाले ६२०. शिवाय टपाल आणि विमा. पेढीच्या स्वतःच्या संकेतस्थळाऐवजी मधल्या कुणाच्या संकेतस्थळावरून बोली लावली, तर आणखी काही टक्के जातात. काही पेढ्यांचा प्रीमियम २० हून जास्त असतो. म्हणून उलटीकडून गणित करावे. खिशात ६०० असतील तर आपली शेवटची बोली ४८०. हा आकडा लिलावाच्या आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवावा, आणि बोली चालू असताना तो खोडू नये.

ज्याला लिलावाच्या वेळेला हजर राहता येत नाही, त्याने आपली कमाल बोली पेढीकडे लिहून द्यायची सोय आहे. प्रामाणिक पेढी ती रक्कम सरसकट वापरत नाही, समोरच्यापेक्षा एक पायरी वर एवढीच बोली तुमच्या वतीने लावते. मला ही पद्धत सर्वांत सुरक्षित वाटते, कारण भावनेच्या भरात वाढवायला तुम्ही तिथे नसता. यादीत प्रत्येक नाण्यापुढे अंदाजी भाव असतो. तो पुष्कळदा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे लोक बोलीला येतात. त्या अंदाजाला नाणे मिळेल अशी आशा धरू नये. विकणाऱ्याने ठरवलेल्या गुप्त किमान भावापर्यंत बोली गेली नाही, तर नाणे विकलेच जात नाही.

लिलावापूर्वी पाहणीचे दिवस असतात, तेव्हा पेढीत जाऊन नाणी हातात घेता येतात. लंडनमध्ये असाल तर ही संधी सोडू नका, विकत काही घ्यायचे नसले तरी जा. एका दुपारी जितकी अस्सल नाणी हातात येतील, तितकी संग्रहालयाच्या काचेआडून वर्षभरातही येत नाहीत. जाता येत नसेल तर यादीतले वर्णन शब्द न् शब्द वाचावे. भोक पाडून बुजवलेले, दागिन्यातून काढलेले, पृष्ठभाग कोरून सुधारलेले, कडेला ठोका, ठसा कच्चा उमटलेला, दुमड पडलेले. यांतले काही दोष जन्मजात आणि क्षम्य असतात, कच्चा ठसा तसा. काही माणसाने केलेले असतात, आणि त्यांनी भाव पाडला पाहिजे. शंका आली तर पेढीला लिहून जास्तीची छायाचित्रे मागावीत. यादीच्या शेवटी वीस-पन्नास नाणी एकत्र विकतात. तज्ज्ञाने घाईत चाळलेल्या अशा गठ्ठ्यात चांगले नाणे निघू शकते, पण बहुतेक पेढ्या असे गठ्ठे परत घेत नाहीत.

खोट्या नाण्यांची भीती रास्त आहे. ओतीव नकलेची अक्षरे मऊ असतात, पृष्ठभागावर हवेचे बारीक खड्डे आणि कडेवर जोडाची रेघ राहते. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत तोलणारा काटा आणि दहापट भिंग, एवढ्यावर अशी नक्कल पकडता येते. ठशांनी पाडलेली नक्कल कठीण. सॉव्हरिनच्या बाबतीत तर बैरूतसारख्या ठिकाणी विसाव्या शतकाच्या मध्यावर पूर्ण कसाच्या सोन्याची खोटी नाणी पाडली गेली. सोन्याच्या किमतीपेक्षा सॉव्हरिन जास्त भावाने खपत असल्याने सोने खरे वापरूनही नफा सुटत असे. इथे वजनकाटा कामाचा नाही, अक्षरांची ठेवण आणि कडेचे दाते अस्सल नाण्याशी ताडावे लागतात. म्हणून नामांकित पेढीकडून घ्यावे, खोटे निघाल्यास पैसे परत या अटीसह.

भारतात राहणाऱ्या वाचकासाठी एक कायद्याची गोष्ट. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. घरात मुंबईचे १९१८ चे सॉव्हरिन असेल, तरी ते लंडनच्या लिलावाला पाठवण्याचा बेत आखू नये. उलट बाजूने, तिकडून नाणे मागवायचे असेल तर कस्टमचे शुल्क आणि सोन्याच्या आयातीचे त्या वेळचे नियम बोली लावण्याआधी विचारून घ्यावेत.

शेवटचा मुद्दा नाण्याच्या पूर्वजांचा, म्हणजे ते आधी कोणाकोणाकडे होते याचा. हायमन मॉन्टॅग्यूचा संग्रह १८९५ पासून विकला गेला, रिचर्ड सिरिल लॉकेटचा १९५५ पासून. नाण्याबरोबर लॉकेटच्या लिलावाची जुनी चिठ्ठी असेल तर बोली वाढते, कारण इतक्या जाणत्या नजरांखालून गेलेले नाणे खोटे असण्याची शक्यता कमी, आणि चोरीचे असण्याची त्याहून कमी. मिळालेली कोणतीही चिठ्ठी, पाकीट, पावती फेकू नये.

चोरीचे म्हणताना निव्वळ घरफोडी अभिप्रेत नाही. ब्रिटनच्या १९९६ च्या कायद्यानुसार तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली, तर ते कोरोनरला कळवावे लागते. संग्रहालयाला ती घ्यायची असतील तर शोधणारा आणि जमीनमालक यांना बाजारभावाने मोबदला मिळतो. डेव्हनची सोन्याची पेनी एकटीच होती, म्हणून ती थेट लिलावात येऊ शकली. २०१५ या एकाच वर्षी आल्फ्रेड राजाच्या काळातले दोन ठेवे इंग्लंडमध्ये सापडले. ऑक्सफर्डशरमधल्या वॉटलिंग्टनचा शोधणाऱ्याने लगेच कळवला. मातीच्या गठ्ठ्यासकट तो ब्रिटिश म्युझियममध्ये नेऊन उलगडला आणि २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयाने तो साडेतेरा लाख पौंडांना घेतला. त्यातल्या काही नाण्यांवर दोन राजे शेजारी शेजारी बसलेले आहेत. वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा चेओलवुल्फ दुसरा हे मित्र होते, हे त्या नाण्यांवरून पक्के झाले. नंतरच्या लेखकांनी चेओलवुल्फला डेन लोकांचे बाहुले म्हणून जवळजवळ पुसून टाकले होते.

दुसरा ठेवा हेरफर्डशरमध्ये लेमिन्स्टरजवळचा. तो शोधणाऱ्या दोघांनी दडवला आणि नाणी सुटी सुटी विकायला काढली. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला. तो ठेवा सुमारे तीनशे नाण्यांचा असावा असा अंदाज आहे, हाती लागली तीसएक. त्यांतही दोन राजांची नाणी आहेत. बाकीची कुणाच्या तरी डब्यात, पाकिटात असतील आणि कधी ना कधी विक्रीला येतील. आल्फ्रेडच्या काळातली चांदीची पेनी पूर्वेतिहासाशिवाय समोर आली, तर भाव कितीही हलका वाटला तरी २०१५ पूर्वीचा तिचा कागद मागावा. तो नसेल तर बोली लावू नये, आणि ब्रिटिश म्युझियमला कळवावे.